स्वयंभू गांधार

चिखलोली,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

नमस्कार. वहिनींच्या गुडघ्यांना आता आराम असेल. आमच्याकडे सगळं इथल्या नव्या स्टेशनसारखं: येणार, येणार. इमारतीचं नाव 'सिंफनी', आणि भिंती अशा की वरच्यांची चटणी ओली की सुकी, तेही मिक्सरवरून कळतं.

भाऊबीजेला तू ताटावरून उठून गेलास. अख्खी तार, मग निम्मी, तिसरा हिस्सा, चौथा... तुकडे शून्याकडे जातात तरी बेरीज कुठेच थांबत नाही, असं तू समजावत होतास आणि मी म्हणाले, "दादाच्या भाषणासारखी!" तेवढ्यावरून रुसायचं? विनोद चांगला होता. माफी मागणार नाही.

तर, तंबोरा. खर्जाच्या तारेतून कोणी न लावता जो गांधार आपोआप उमटतो, तो हल्ली उमटेना. आम्ही गाणारे ज्याला स्वयंभू म्हणतो आणि "तारेचा पाचवा हिस्सा तो, त्यात देव कुठून आला?" म्हणून तू चिडवतोस, तोच. मी तारेखालचा जवारीचा दोरा सरकवून पाहिला, तारा बदलल्या, भोपळ्याला दोष दिला. बिल्डरला तर दिलाच.

परवा तेजस्वी शिकायला आली. बँकेतून थेट, दमलेली. तंबोरा छेडला, डोळे मिटले आणि म्हणाली, "ताई, काय बोलतोय गांधार आज! काटा आला अंगावर."

मी म्हटलं, "हो ना."

दादा, मला काही ऐकू आलं नव्हतं.

उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. "मॅडम, बोलणं सगळं कळेल, फक्त बारीकसारीक सुटेल." गाणाऱ्या बाईला असं सांगतात! बारीकसारीक सोडलं तर उरतं काय, मिक्सर? आता तू म्हणशील, एक पद गळालं तरी बेरीज अनंतच राहते. नको सांगूस. मला बेरीज नकोय, तो पाचवा तुकडा हवाय.

पुढच्या रविवारी अंबरनाथला माझं गाणं आहे. रद्द करायचं रोज ठरवते, रोज मोडते. घरात बोललेले नाही. कळलं की जपायला लागतील आणि न लागलेल्या तंबोऱ्यालाही वा म्हणतील. तू ये. लहानपणी आईच्या मागे बसायचास तसा माझ्यामागे तंबोऱ्यावर बस. गांधार बोलत नसेल तर "नाही" म्हण, सगळ्यांदेखत म्हण. खोटं कौतुक तुला कधी जमलं नाही. म्हणून तर आपलं पटत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या कोणाला लिहिता येईना.

तुझ्या 'नाही'च्या भरवशावर असलेली,
सुहासिनी