तीस घरांची सोमवारची भाजी

मी, काशीराम विठू परुळेकर, वय ५२, शिक्षण मराठी चौथी, पुढचे वाचन स्वतःचे, राहणार कुंभारमाठ, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहितो. बुधवारी मिरजेस पोटाचे ऑपरेशन आहे. भीत नाही; पण मागे घोटाळा ठेवणे माझ्या स्वभावात नाही.

१. राहते घर मुलगा गुरुदास यास. पत्नी जानकी हयात असेपर्यंत माजघर तिचे. तिला विचारल्याशिवाय तेथले फडताळसुद्धा हलवू नये.

२. विहिरीवरचा मळा (स्वकष्टाचा, वडिलार्जित नव्हे), पाट्या, कोयते आणि माझा धंदा तुळसा लवू तांडेल हिला. ती अकरा वर्षे माझ्याबरोबर पाटी वाहते. धंदा म्हणजे दर सोमवारी मालवणात तीस घरी भाजी पोचवणे. सोमवारी बहुतेक घरांत मासळी शिजत नाही, म्हणून तो वार धरला. भाजी शेणखतावर व मासळीच्या कुटीवरच वाढलेली. विलायती खताचा दाणा नाही. पहाटे उपटावी, आठाच्या आत पोचवावी. मुळांची माती धुऊ नये. धुतलेल्या भाजीचा शिळेपणा कळत नाही.

३. गुरुदासास धंदा नाही, कारण तो म्हणतो, "बाबानू, लोक भाजी खातत, खत नाय." मुलगा वाईट नाही. भाजी त्याला दिसते, खाणारा दिसत नाही.

४. बाजारातील ज्या दुकानदाराने मला "शेणावरचो काशी" हे नाव ठेवले, त्याला माझ्या तेराव्यास अवश्य बोलवावे व माझ्याच मळ्यातली भाजी दोनदा वाढावी.

५. येथवर लिहून तुळसेस वाचून दाखवले. ती म्हणाली, "माका नको तुमचो मळो. बाबूचा काय ता आधी लिवा."

म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी पौषात माझी तांबडी भाजी खुरटली. सोमवार चुकू नये म्हणून मी विलायती खत आणून स्वतः टाकले. आठ दिवसांत भाजी गुडघ्याला आली. तुळसा पाटीला हात लावीना. "ही माजलेली भाजी मी डोक्यार घेवचंय नाय, दादानू." मी एकट्याने नेली. तुळसा कुठे म्हणून त्या तीस घरांतल्या हमिदाबींनी विचारले, तर ताप आला म्हणून सांगितले.

पुढच्या सोमवारी घरोघर भाजी पाणचट निघाल्याची तक्रार आली. मी तीसही दारांत हात जोडून सांगितले, की शेजारच्या कुणग्यातला, म्हणजे लगतच्या शेतातला, बाबू मेस्त्री मला भाजी पुरवतो, त्याने खत घातले. आता त्याची भाजी बंद केली, असेही सांगितले. लोकांनी माझी सचोटी वाखाणली. बाबू एकदाच बोलला, "काशीरामा, तुझ्या बावीचा पाणी पितंय, म्हणान गप रवतंय."

खत मी घातले होते. बाबूने नाही.

६. सबब माझ्या विहिरीचे पाणी बाबू मेस्त्री व त्याच्या वारसांस कायमचे. मळा कोणाच्याही हाती जावो, ही अट सुटणार नाही.

७. कलम पाच माझ्या मृत्यूनंतर तीस घरी वाचावे, असे मी लिहिले होते. तुळसेने ते खोडायला लावले. "मेल्यार कित्याक? तोंड आसा तवर सांगा."

आज सोमवार. पाटी तुळसेच्या डोक्यावर, कागद माझ्या हातात, असे तीस घरी जाऊन आलो. चार घरांनी भाजी घेतली नाही. हमिदाबी म्हणाल्या, "काय ओ काशीरामभाऊ, दोन वर्सांपूर्वी पोटात गेलेली भाजी आता कशी परत देव?" मग जुडी निवडून घेतली, मला बसा म्हणाल्या नाहीत. तुळसेने धंदा पत्करला आहे.

बाबूची सही साक्षीदार म्हणून हवी होती. पण या पत्राने ज्याला काही मिळते, त्याची साक्ष नको, असे वकील सांगतात. तरी तो आला आहे. मी लिहितो आहे तोवर ओटीवर बसून आहे. आतून पाणी नेऊन दिले, ते त्याने घेतले.

ठिकाण: कुंभारमाठ
दिनांक: १० फेब्रुवारी १९६४

सही: काशीराम विठू परुळेकर

वरील सही आमच्या समक्ष झाली:
१. महंमद हुसेन मुजावर, मालवण
२. शंकर दाजी गावडे, कुंभारमाठ