पंच्याहत्तर पिवळे कण

...आणि दुसऱ्याच कुणाच्या दगडाच्या तीनशे बाराव्या कणावर मी असताना साहेबांनी माझ्या सूक्ष्मदर्शकाखालचा काप काढून घेतला, दुसरा सरकवला आणि म्हणाले, "बाई, आता हा बघा."

दादा, पाया पडायचं राहिलं. पडले असं समज. गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला? मी बरी आहे, म्हणजे आज दुपारपर्यंत होते.

काप तुझ्या खाणीतल्या वालुकाश्माचा होता. काचकारखान्याला त्यात पंच्याण्णव टक्के क्वार्ट्झ हवं (लहानपणी आपण जिच्या ठिणग्या पाडायचो, ती गारगोटी), आणि गेल्या महिन्यात तुझ्या नमुन्यावर मी शहाण्णव लिहून सही केली होती. आमचं काम तुला ठाऊक नाही. बावीस वर्षांत तू विचारलं नाहीस. दगडाचा कागदाहून पातळ काप करायचा, काचेवर चिकटवायचा आणि पाचशे कण एकेक करून ओळखायचे. क्वार्ट्झ, अभ्रक, फेल्डस्पार. फेल्डस्पार लबाड. अंगावर पट्टे असले तर सापडतं, नसले तर क्वार्ट्झमध्ये बेमालूम खपून जातं. म्हणून काप आधी आम्लाच्या वाफेवर धरून रंगात बुडवतात. फेल्डस्पार पिवळं पडतं, क्वार्ट्झला रंग लागत नाही. यात अर्धा दिवस जातो. घरचा दगड म्हणून मी तो वाचवला. (घरच्यांचा दगड मोजायचाच नाही, हा इथला पहिला नियम. लग्नात आडनाव बदलल्याचा मला झालेला हा एकमेव उपयोग.)

कारखान्यानं तुझ्या पहिल्याच ट्रकमधला तुकडा परत तपासायला पाठवला. साहेबांनी तो रंगवला. पंच्याहत्तर कण पिवळेधमक. क्वार्ट्झ एक्याऐंशी टक्के.

"याला तर कावीळ झालीय," साहेब म्हणाले. दगड कापणारा मिस्त्री चहाचा कप घेऊन बघायला आला. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. "या एकाच दगडापुरता का हो, बाई?" त्यानं विचारलं, आणि सगळे हसले. मीही हसले. तू आईला सांगायचास, हिला दगडधोंड्यांपलीकडे काही कळत नाही. आता दगडधोंडेही गेले.

उद्या अकराला चौकशी आहे. नोकरी राहते की जाते ते तिथेच ठरेल. वहिनीला नमस्कार.

ता. क. एक काम कर. पहिला नमुना वेगळ्या थरातला होता, असं साहेबांना लिहून कळव. एक ओळ पुरे. नात्याचा उल्लेख नको.

ता. क. २. चष्म्याचं खोटं आहे. चाळिसाव्या कणालाच मला दिसलं होतं. क्वार्ट्झ इतकं मळकट नसतं. पण तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतंस.

ता. क. ३, दुसऱ्या दिवशी दुपारी. पत्र टाकायच्या आधीच साहेबांनी बोलावलं. तू आपणहून त्यांना फोन केला होतास. "मोजणारी माझी सख्खी बहीण आहे, साहेब. ती खोटं लिहील का?" साडेअकराला मी सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं, कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले.