बोटभर ग्रीस

रेगेन्सबर्ग,
१० नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
संपदाचा सा. न. वि. वि.

मार्चपासून तुम्ही फोन उचलत नाही. कानाने नीट ऐकू येत नाही हे तुमचं निमित्त आहे, असं आई म्हणतात. म्हणून पत्र लिहायला घेतलं. हाताने मराठी लिहायची सवय गेलीय, अक्षराला हसू नका.

इकडे बरं आहे असं लिहिणार होते, पण तुमच्यापाशी खोटं कशाला? तनयला जाऊन आठ महिने झाले. मी ऑफिसला जाते, घरी येते, दोघींपुरती खिचडी टाकते आणि अजूनही ती तिघांना पुरेल एवढी होते. अन्वी शाळेत जाते, माझ्याशी जर्मनमध्ये बोलते. रविवारी सकाळी मात्र बूट घालून दाराशी बसते. रविवारी तनय तिला डोंगरातल्या त्या स्की-फेराइनच्या, म्हणजे स्की-क्लबच्या, शेडवर घेऊन जायचा ना.

तिथली जुनी स्नोमोबील तुम्ही फोटोत पाहिलीय. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. बर्फावर स्कीवाल्यांसाठी वाट आखायला ती वापरतात. वय वर्षं चौतीस. गेले चार हिवाळे तनयने तिला एकट्याने सांभाळलं. आता ती लहरी झालीय. कधी थ्रॉटल दिला की झेप घेते, कधी इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी जागची हलत नाही. फेराइनचे अध्यक्ष हेर लिंडनर भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, बावीस डिसेंबरपर्यंत ती भरवशाने चालली नाही तर भंगारात जाईल. आल्झो, म्हणजे तसं बघता, त्यांचंही चूक नाही. जंगलात बंद पडली तर कोण धावणार? हे ऐकून अन्वी मोठ्याने रडली. बाबाच्या अंत्यविधीलासुद्धा रडली नव्हती हो ती.

बाबा, मला ती दुरुस्त करायची आहे. स्पॅनर कुठल्या बाजूने धरतात तेही मला ठाऊक नाही, पण तुम्ही सांगाल तसं करीन. तनय म्हणायचा, हिचा क्लच म्हणजे बाबांच्या गॅरेजमधल्या बिनगिअरच्या स्कूटरचा थोरला भाऊ आहे.

उत्तराची वाट पाहते. आम्हा दोघींवरचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
संपदा

कराड,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. संपदा हिस,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहिताना हात सवयीने ‘सौ.’कडे गेला आणि कागद फाडावा लागला. असे दोन कागद फुकट गेले. शेवटी ही म्हणाली, नुसतं चिरंजीव लिहा, आपली मुलगीच आहे ती. तेव्हा तसं लिहिलं.

तनय बरोबर सांगायचा. पुढे एक पुली, मागे एक, मध्ये बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट पकडतात. स्प्रिंग त्यांना लांब ढकलत असते. ही झटापट दर वेळी सारखी झाली की गाडी दर वेळी सारखी उठते. शास्त्र एवढंच, बाकी सगळी साफसफाई.

तू ऑफिसात टेस्टिंग करतेस ना? मग हे तुला जमेल. आधी काहीही खोलू नकोस. एकाच जागेवरून गाडी दहा वेळा उठव आणि दर वेळी किती आरपीएमला हलली ते लिही. मग खोल. खोलण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना नेलपॉलिशचा ठिपका दे, म्हणजे बसवताना जसंच्या तसं बसेल. ही माझी पद्धत. हिच्या किती बाटल्या मी संपवल्या, त्यावरून आजही बोलणी खातो. तबकड्या भांडी घासायच्या हिरव्या घासणीने घास, स्पिरिटने पूस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर गुण कशाने आला ते कळायचं नाही. स्प्रिंग दाबलेली असते, उसळली तर बोटं जातील, तिथे त्या लिंडनरसाहेबांना हात लावू दे.

आता एकच राहिलं. सरकणाऱ्या भागाला ग्रीस लावायचं की नाही, ते मला विचारू नकोस.

फेब्रुवारीत तनयने हेच विचारायला फोन केला होता. मी म्हटलं, बोटभर ग्रीस लाव. तो म्हणाला, बाबा, पुस्तकात कोरडं ठेवा म्हटलंय, ग्रीसला बेल्टची भुकटी चिकटते. मी भडकलो. म्हटलं, चाळीस वर्षं मी काय गवत उपटलं? मोठ्या कारखान्यात लागलास म्हणून बापाला अक्कल शिकवतोस? विचार तुझ्या पुस्तकालाच! आणि फोन आपटला. पाच आठवडे त्याचा फोन नाही. मीही केला नाही. म्हटलं, पोरगा आहे, तोच करील. मग आला तो तुझा फोन.

तो माझ्यावर रागावून गेला, संपदा. हे मी हिच्याजवळही बोललेलो नाही. फोन वाजला की मी उठून बाहेर जातो. कानाचं काय घेऊन बसलीस, कान ठणठणीत आहेत.

अन्वीला पापा. तब्येतीला जप.

तुझे,
बाबा

रेगेन्सबर्ग,
१५ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईंनाही वाचून दाखवा. लपवायचं आता काही उरलं नाही.

आधी तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडी दहा वेळा उठवली. एकदा छत्तीसशे, एकदा त्रेचाळीसशे, एकदा तर पाच हजारापर्यंत किंचाळून मग हलली. मग बेल्ट काढला, क्लच बाहेर आला आणि मी नेलपॉलिशची बाटली उघडली, तर जोडावर ठिपका आधीच होता! लालभडक. माझी ती बाटली मी मागच्या वर्षी दिवाळीभर शोधत होते आणि अन्वीला विनाकारण रागावले होते.

हेर लिंडनरनी स्प्रिंग धरली, झाकण निघालं. आतला सरकणारा भाग काळ्या चिकट लगद्याने माखलेला होता. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला, म्हणाले, गेनाऊ, अगदी हाच रोग. पण इथे ग्रीस लावलं कोणी? तनय असली चूक कधी करायचा नाही. बाबा, मला तुमचं पत्र आठवलं.

अवजारांच्या पेटीत त्याची वही होती. फेराइनची कामं तो जर्मनमध्ये लिहायचा, पण हे पान मराठीत आहे. जसंच्या तसं उतरवते:

‘११ फेब्रुवारी. बाबा म्हणाले म्हणून गेल्या रविवारी बोटभर ग्रीस लावलं. दोन दिवस लोण्यासारखी चालली, मग भुकटी चिकटून अडकायला लागली. सीझन संपतोय, यंदा असंच चालवतो. एप्रिलमध्ये घरी गेलो की समोर बसून सांगेन. तोवर फोन नको. त्यांचा पहिला प्रश्न ग्रीसचाच येणार, मला खोटं बोलता येत नाही आणि खरं ऐकून म्हाताऱ्याला वाईट वाटेल.’

एप्रिलची तिकिटं काढलेली होती, तुम्हाला माहीतच आहे. त्या पाच आठवड्यांत मी त्याला किती वेळा म्हटलं, अरे, बाबांना फोन कर. तो म्हणायचा, करतो गं. मी त्याला आळशी म्हणाले, एकदा चांगली भांडलेसुद्धा. त्याने मला कारण का नाही सांगितलं, म्हणून आता मीच त्याच्यावर रागावलेय. पण तो तुमच्यावर रागावला नव्हता, बाबा. त्याने पुस्तक बाजूला ठेवून तुमचं ऐकलं होतं. समोर बसल्याशिवाय तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्याने लिहिलंय आणि त्याचा शब्द मोडून मी कळवतेय.

ग्रीस सगळं पुसून काढलं. शेडमध्ये त्याच्या जुन्या बनियनचं फडकं होतं, त्यानेच पुसलं. ठिपक्याला ठिपका जुळवून परत बसवलं. दुसरं काही बदललं नाही. मग पुन्हा दहा वेळा उठवली. नऊ वेळा अडतीसशे, एकदा साडेअडतीसशे. हेर लिंडनर म्हणाले, राहू दे तिला. अन्वीने ते दहाही आकडे वहीत उतरवले, त्याच पानावर, त्याच्या अक्षराखाली.

तुमची माया आम्हाला हवी आहे, ती अशीच असू द्या.

तुमची,
संपदा

कराड,
२ जानेवारी २०२५

चि. संपदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं. त्या पानाशी आली आणि तिला पुढे वाचवेना, मग उरलेलं मी वाचलं.

मी चुकलो होतो. पुस्तक बरोबर होतं. एवढं म्हणायला मला अकरा महिने लागले आणि ज्याला म्हणायचं तो ऐकायला नाही. चांगली चालणारी गाडी माझ्या शब्दाखातर बिघडवली गं त्याने. चुकतोय हे कळत असून लावलं. मी त्याच्या जागी असतो तर माझ्या बापाचं ऐकलं नसतं.

अकरा महिने मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. ते भांडण आता संपलं, तर त्याची जास्तच आठवण येते. काल पहिल्यांदा ही आणि मी दोघं बसून रडलो.

रविवारी अन्वी शेडवरून आली की फोन कर. मी उचलेन. तिला जर्मनमध्ये बोलायचं असेल तर बोलू दे, मी ऐकत राहीन.

आम्हा दोघांचा जीव तुम्हा दोघींपाशी आहे, हे विसरू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. ते फडकं टाकून दिलं नसशील, तर इकडे येताना घेऊन ये. धुऊ नकोस.