तुमचा दगड परग्रहावरचा म्हणे

बाबा, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, आणि आज मी तुमच्या वतीनं चिडून लिहायला बसले आहे. मुलीनं मोबाइलवर एक मालिका दाखवली. तिच्या एका भागात परग्रहावरचे लोक फार जुन्या काळच्या पृथ्वीवर उतरतात, नुसत्या बोटाच्या इशाऱ्यानं मोठाले दगड उभे करतात, आणि जंगलातली माणसं पालथी पडून बघत राहतात. भाग रंगला होता, खोटं कशाला बोलू. पण खाली प्रेक्षकांनी जे लिहिलंय ते वाचून माझं डोकं फिरलं. कुणाच्या अंगावर काटा आला, कुणी म्हणतंय क्रेनशिवाय हे शक्यच नाही, कुणी विचारतंय की आदिवासींना एवढं कुठून जमणार. त्यातच एकानं 'आमच्या गडचिरोलीच्या जंगलातला पुरावा' म्हणून फोटो टाकला. डावीकडे जरा कललेला, पोटावर पांढरी रेघ असलेला दगड. तो तुमचा आहे, बाबा.

मला राहवलं नाही. 'हा दगड गावकऱ्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं उभा केला, मी तिथं होते,' असं लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'मग तुमचे वडील कुठल्या ग्रहावरचे?' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेही गिळलं असतं, पण पुढं एकानं लिहिलं, याच्या बुडाशी खणून बघायला हवं, रविवारी कोण कोण येतंय? चार-पाच जण तयारसुद्धा झाले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना मध्येच थांबते. मुली एकमेकींकडे बघतात.

तुम्ही आलापल्लीच्या पुढं त्या माडिया आदिवासींच्या गावात, शाळेवर अर्धी नोकरी काढलीत आणि तिथंच तापानं गेलात. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. तुम्हाला आम्ही राजुऱ्याला, घरी आणलं, पण गावानं नंतर निरोप धाडला की मास्तरचा दगड उभा करायचा आहे, या. त्यांच्यात मेलेल्याच्या नावानं दगड लावतात, आणि तो उभा राहिल्यावर वाढला तर माणूस सुखी आहे असं मानतात. तुम्हाला हे पटलं नसतं. लहानपणी मी आकाशातल्या देवाबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही भाजी चिरता चिरता केवढे डाफरला होतात: "वरून कोणी येत नाई आपलं काम कराले. आपलं आपल्यालेच करा लागते." तरी मी गेले.

अजून डोळ्यांसमोर आहे: नाल्यातून दगड निघाला आहे. लाकडी बल्ल्यांना दोरानं बांधलाय, माणसं खांदा देताहेत, आणि चढावर तो अडतो. काही केल्या हलत नाही. तिथली रीत अशी, की दगड अडला म्हणजे माणूस रुसला, त्याची समजूत काढायची. तुमच्या शाळेत स्वयंपाक करणारे भाऊ दगडावर थाप मारून म्हणतात, "काऊन अडून बसला, मास्तर? चाल ना!" मग माझ्याकडे वळतात. "तू सांग, बाई. तुह्यं आयकल." मी शास्त्राची विद्यार्थिनी, दगडाशी काय बोलणार? तुम्ही वह्या तपासत बसायचात तेव्हा मी चुलीजवळून हाक मारायचे, तेच तोंडून निघालं. "बाबा, चला ना, भात थंडा होऊन राह्यला." माणसं हसली, सगळ्यांनी एकदम जोर लावला, आणि दगड निघाला. एकदम जोर लागला म्हणून निघाला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी रडले.

काल भाऊंना फोन केला. ते आता फार म्हातारे झालेत. रविवारचं ऐकून खो खो हसले. "येऊ दे ना. मास्तर वरून नाई आला, राजुऱ्याहून लाल गाडीनं आला होता, सांगू त्यायले. अन् खणाले हात लावला तं गाव बसलंच हाये तिथी. म्हणू, खणू नोका, नाल्यातून एक दगड आणून दाखवा." माझा जीव जरा भांड्यात पडला. मग ते सहज म्हणाले, "तुह्या बापाचा दगड वाढला पण, बाई."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते तुम्ही शिकवलेलं आहे. दगड वाढत नाहीत. आत्मा नसतो. मेलेला माणूस पत्र वाचत नाही, म्हणून हे मी कुठं धाडणारही नाही. शनिवारच्या गाडीनं मी निघतेय, गावाबरोबर तिथं बसायला. मुलीला तेवढंच सांगितलंय. पण बाबा, मी भाऊंना विचारलं, "किती?" उभा केला तेव्हा दगड माझ्या खांद्याला लागत होता. जाऊन शेजारी उभी राहून बघणार आहे, आता कुठवर लागतो ते. या वयात माणसाची उंची कमी होते, हे मला चांगलं ठाऊक आहे.