सोन्याचा आवाज

अगं,

दूध तापवून ठेवलंय. शिवलेले दोन शर्ट गिऱ्हाईक सहाला येऊन नेईल.

मेलेल्यांशी बोलणाऱ्या त्या बाईकडे गेलीस म्हणून काल तुझ्यावर ओरडलो. देवाने हे साफ मना केलंय म्हणालो, पवित्र शास्त्र उघडून, अशाच बाईकडे गेलेल्या शौल राजाची काय गत झाली तेही वाचून दाखवलं. तू एवढंच म्हणालीस, "आपला सोन्या 'पप्पा' म्हणाला हो."

जन्मभर मुका होता गं आपला लेक. मला बोलवायचं तर माझ्या गळ्यातली मापाची टेप ओढायचा. म्हणजे बाई खोटारडी, हे तुलाही कळलं असणारच.

सकाळपासून एक काज धड झालं नाही. शास्त्र मिटून ठेवलंय. मीही तिच्याकडेच चाललोय. 'पप्पा' कसं म्हणतो, तेवढं एकदा ऐकून येतो.