साखर कुणाच्या घरची?

१० एप्रिल
कटरनं अंगठा कापला. बॉक्सची पट्टी फाडताना सोबत काम करणाऱ्या इरफानशी गप्पा मारत होतो. सुपरवायझरनं गोडाऊनमधून थेट सरकारी दवाखान्यात धाडलं. इंजेक्शन, पट्टी. झालं म्हणून उठलो तर डॉ. बाई म्हणाल्या, बस. घरात कुणाला साखर, बीपी? म्हणलं, मॅडम, अंगठा कापलाय. म्हणाल्या, तो दिसतोय मला, हे सगळ्यांनाच विचारते.
म्हणलं कुणालाच न्हाई. आमचं घर ठणठणीत. छाती काढून सांगितलं.
उद्या सुट्टी. इरफान म्हणतो, "मेरा भी काट दे यार."

१३ एप्रिल, रविवार
इथंच भिवंडीत, टेमघरला सुमनआत्याकडं जेवायला. तिच्या रेश्माचं लग्न ठरल्यापासून तिथं पाय ठेवायला जागा न्हाई. कॉटवर साड्या, कॉटखाली पातेली. आत्यानं जेवायच्या आधी गोळी तोंडात टाकली. कसली? तर साखरेची. रेश्मा पोटात होती तेव्हा निघाली, मधी गेली, परत आली.
घास हातातच राहिला. म्हणलं, आत्या, मग आपल्या घरात हाय की साखर!
"तुमच्या घरात कशी? मी ह्यांच्या घरची."
रेश्मा लोळलीच. "आई, मग मला झाली तर कुणाच्या घरची धरायची? सासूला आत्ताच विचारून ठेवू का?"
आत्या म्हणली, भात वाढू?

१५ एप्रिल
पट्टी बदलायला गेलो तेव्हा बाईंना सांगून टाकलं. "आत्या म्हणजे वडिलांची सख्खी बहीण ना? मग? लग्नात रक्त बदलून मिळतं का?" बाकावरच्या बायका हसल्या. मी बी.
उद्या सकाळी काही न खाता यायचं. माझं रक्त बघणार.

१७ एप्रिल
माझी बरोबर हाय! इरफानला जिलेबी चारणार होतो, मग आठवलं कशासाठी गेलतो. शेंगदाणे चारले.
बाई म्हणाल्या, आत्ता बरी आहे म्हणूनच सांगते. घरात असली की तुला आधीपासून जपायला पाहिजे. ड्युटीवर जागं राहायला मी बाटलीतला लाल गोड थंडा पितो, तो बंद. चालायचं. वर्षातून एकदा तपासायची. आणि वडील?
म्हणलं गावाला. लग्नाला येतील.
"घेऊन ये. आपण नाही तपासली तर मग पाय नाहीतर डोळे सांगतात."
सेकंड ड्युटी थंड्याशिवाय काढली. टेपगन हातात धरून उभ्या उभ्या डुलक्या.

१९ एप्रिल
माझ्या बाला गावाला फोन. "आपल्यात असलं न्हाई. पोरी सासरी जाऊन गोड खायला लागल्या, त्याला मी काय करू?" कट.
मग कौसाआत्याला लावला, बाची मोठी बहीण, परभणीला असती. ती बी गोळ्या खाती! म्हणली, कुणी इचारलंच न्हाई, सांगू कुणाला.
आमच्या आजोबाच्या, आबाच्या, पायाचं बोट काढावं लागलं ते काट्यानं, असंच आम्ही ऐकत आलो. कौसाआत्या म्हणली, काटा होता रे, पण आबा ज्या भिंतीला लघवीला बसायचे तिथं कायम मुंग्यांची रांग. अंगण मी आन् सुमन झाडायचो, म्हणून आम्हाला ठाऊक.
हसत हसत बोलत होतो. ठेवल्यावर मायला लावला. बा कसा हाय? "बरा की. रात्रीचा सारखा उठतो पाण्याला." मोरीपाशी मुंग्या हायत का?
"उन्हाळा हाय. मुंग्या असणारच."


२४ एप्रिल
कोन गावावरून टेमघरला आत्याच्या घरापर्यंत चालत गेलो. रिक्षावाला थांबून थांबून बघतो, "बैठ ना भाई, क्या हुआ?" धूळ, ट्रक, पण मजा येते. आता रोज.
इरफानचा भाऊ सुरतला बोलवतोय. काम हलकं, पगार जास्त. मी एका जागी एवढे महिने कधीच टिकलो न्हाई. पण म्हणलं, बाला दवाखान्यात नेल्याशिवाय न्हाई. इरफाननं माझ्या कपाळाला हात लावला. "तू रुकेगा? बुखार है क्या?"

३ मे, शनिवार
बा आला! पोतंभर गावरान आंबे, डोक्यावर नवी टोपी. उतरल्या उतरल्या उसाचा रस, मग चहा, वरून दोन चमचे साखर. पट्टा सैल झालाय, नवं भोक पाडलंय. म्हणतो उन्हानं वाळलो. गोडाऊन दाखवलं तर म्हणला, एवढे डबे कोण मागवतं रे? इरफानला आंबा दिला, इरफान म्हणला चाचा, आप यहीं रह जाओ.
दवाखान्याचं काढलं.
"मी लग्नाला आलोय का दुखणं काढायला?"

४ मे, रविवार
कौसाआत्या पहाटे आली. दोघी बहिणींनी बाला मधी बसवला. मी दारात, रेश्मा माझ्या मागं.
सुमनआत्या म्हणली, "दादा, परवा पोरीच्या मागं मामा म्हणून कोण उभं राहणार?"
"मी. दुसरं कोण?"
"का बरं? मी तर दुसऱ्या घरची. मामा पाहिजे तेव्हा माहेर हाय, आन् साखर निघाली की माहेर न्हाई?"
बा टोपी काढून तिच्या आतली शिवण बघायला लागला.
कौसाआत्या म्हणली, "आबाला कुणी सांगितलं न्हाई. आम्ही पोरी होतो, नुसतं झाडत राहिलो. तुला सांगतोय तर ऐक ना रे."
सुमनआत्याचं शेवटचं: उद्या सकाळी दवाखाना, न्हाईतर मामा भाड्यानं आणीन.
रेश्मा म्हणली, मामा, इरफान तयार हाय.
बा हसला. हसला म्हणजे येणार.

५ मे
बा अंधारातच उठून बसला. चहा न्हाई म्हणून मला, भिवंडीला, डॉ. बाईंना, सगळ्यांना शिव्या. सगळे चालतच गेलो. आत्यांना घरी थांबा म्हणलं, ऐकतात होय!
बाईंनी विचारलं, घरात कुणाला साखर?
बानं टोपी नीट केली. माझ्याकडं बघितलं, मग दारातल्या दोघींकडं.
"हाय की. माझ्या दोन्ही बहिणींना. आन् आमच्या आबांना असणार, ह्या दोघींना ठाऊक हाय."
सुमनआत्यानं कौसाआत्याला कोपर मारलं. "ऐकलंस? घेतलं बाई घरात." आणि नाक पुसत बसली, लग्नघरातली बाई.
रक्त देताना बानं डोळे मिटले. बाहेर टपरीवर बिनसाखरेचा चहा. बा म्हणला, हा काढा तुम्ही रोज पिता? मग प्याला सगळा.
रिपोर्ट संध्याकाळी. हळद बी संध्याकाळीच. सुमनआत्या म्हणती, आधी हळद लागू दे, रिपोर्ट कुठं पळून जात न्हाई. बा म्हणतो, न्हाई, आधी आण, काय असंल ते दोघींच्या समोरच वाच.
मांडवात दोघांचं अजून चाललंय. मी चपला घालून दारात.