अर्धी बाटली

गुरुवार, मार्चअखेर

ब्रेक मऊ लागतो, असं सुनंदा आठवडाभर सांगत होती. मी म्हणालो, "इलेक्ट्रिक गाडी आहे, पाय उचलला की आपोआप मंदावते. तुला सवय नाही." आज ती शाळेत जाताना पडेगावच्या उतारावर मेंढरं आडवी आली. गाडी थांबली ती धनगरणीच्या गुडघ्यापासून वीतभर.

"पाय हाय का नाय तुला, बाई?"

सुनंदा माफी मागून घरी परतली. दुपारी मी एकटाच गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने नळी लावून ब्रेकचं तेल काढलं. आधी बुडबुडे, मग काळपट तेल.

"साहेब, हे हवेतलं पाणी पितं. उघड्या बाटलीतलं किसने डाला?"

मीच ओतलं होतं. दोन वर्षं फळीवर पडलेली अर्धी बाटली. आठ दिवसांनी नळ येतो त्या घरात काही फेकवत नाही. "माहीत नाही," म्हणालो.

नवं तेल भरल्यावर ब्रेक घट्ट लागला. घरी सांगितलं, किरकोळ होतं.

"म्हणजे माझाच पाय चुकला," सुनंदा म्हणाली. "वीतभर राहिलं होतं, अहो. आता मी नाही चालवणार."

तिने किल्ली पुढे केली. मी ती घेतली.